पेस्टिंगसाठी कव्हरॉल घेताना आणि वापरताना

तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि गेली नऊ वर्षे छाटणीपासून बेदाण्यापर्यंतचे मजुरांचे सगळे नियोजन मी पाहते. ऑक्टोबरच्या, फळासाठी केलेल्या गोड छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावावी लागते, हे द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगते की, आपल्याकडच्या हवामानात वेलीला हवी तेवढी थंडी मिळत नाही आणि ती उणीव हे रसायन भरून काढते. छाटणी झाल्यावर साधारण दोन दिवसांच्या आत ते लावायचे असते, आणि आमच्याकडे ते अजूनही हातानेच, एकेक डोळा ओला करत लावले जाते.

२०२३ च्या हंगामात आमच्या टोळीतल्या एका मावशींच्या दोन्ही मनगटांची कातडी आधी लाल झाली, मग काळवंडून सोलली गेली आणि आठ दिवस त्यांना भाकरी थापता आली नाही. त्याच आठवड्यात टोळीतल्या एका तरुण मुलाने काम संपल्यावर संध्याकाळी दारू घेतली आणि अर्ध्या तासात त्याचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्या सुरू झाल्या. तासगावच्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली ती औषधाच्या बाटलीची. दारू पचताना शरीरात असिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो पुढे मोडणाऱ्या विकराला हे रसायन अडवते, त्यामुळे थोडी दारूही अंगावर उलटते, असे त्यांनी समजावून सांगितले. मुलगा रात्रीत सावरला. पण ते औषध त्याच्या तोंडात गेलेले नव्हते, कातडीतून अंगात गेले होते, आणि त्या दिवशी मी त्याला दिले होते काय, तर दवाखान्यात वापरतात तसले पातळ हातमोजे आणि एक कापडी मास्क. हे माझ्याकडून चुकले होते आणि पुढच्या छाटणीआधी कव्हरॉल, म्हणजे अंगभर झाकणारा संरक्षक पोशाख, आणून ते दुरुस्त करायचे, असे मी ठरवले.

२०२४ मध्ये तासगावच्या गणपतीचा रथ ८ सप्टेंबरला झाला आणि १० तारखेला मी कामाला लागले. पहिल्या कृषी सेवा केंद्रात मला ‘सेफ्टी किट’ म्हणून एक पिशवी दाखवली गेली. आत पातळ प्लास्टिकचा ॲप्रन, टोपी, मास्क आणि हातमोजे होते आणि ठरावीक रकमेचे औषध घेतले तर ती फुकट होती. दुसऱ्या दुकानात करोनाच्या काळातले उरलेले पीपीई किट ९० रुपयांना मिळत होते. त्यावर आयएस १७४२३ असा भारतीय मानकाचा क्रमांक होता, म्हणून मला आधी विश्वास वाटला, पण ते मानक वैद्यकीय वापरासाठीच्या कव्हरॉलचा आहे. रक्त आणि जंतू अडवण्यासाठी केलेली ती चाचणी शेतातल्या रसायनाबद्दल काहीच सांगत नाही, शिवाय चार वर्षे गोदामात पडलेल्या त्या किटची शिवण हाताने ताणताच उसवली.

मग मी कायदा काय म्हणतो ते पाहिले. कीटकनाशक नियम, १९७१ मधला नियम ३९ संरक्षक कपड्यांबद्दल आहे. अंगभर वरचा पोशाख आणि डोक्यावर हूड किंवा टोपी, मनगटापासून कोपरापर्यंतच्या निम्म्या हातावर येणारे आणि द्रव आत न सोडणारे हातमोजे, गॉगल आणि बूट, असा पूर्ण संच त्यात सांगितला आहे. म्हणजे मनगटाशी संपणारे हातमोजे नियमातही बसत नाहीत. बाजारात गेल्यावर दुकानदाराशी बोलायला हा एक नियम फार उपयोगी पडला.

कव्हरॉलच्या आतल्या लेबलवर ‘टाइप’ म्हणून जो आकडा असतो तो समजायला मला चार-पाच दिवस लागले, कारण आकडा जितका लहान तितके संरक्षण जास्त, हे आपल्या सवयीच्या उलट आहे. टाइप ५ म्हणजे उडणाऱ्या धुळीपासून, टाइप ६ म्हणजे हलक्या शिंतोड्यांपासून, टाइप ४ म्हणजे फवाऱ्याने भिजण्यापासून आणि टाइप ३ म्हणजे जोराने येणाऱ्या द्रवाच्या धारेपासून संरक्षण. टाइप १ आणि २ वायूसाठी असतात, त्यांचा आपल्या कामाशी संबंध नाही. दुकानांत ‘५/६’ लिहिलेले कव्हरॉल सर्वात सहज मिळतात आणि पेंटिंगपासून फवारणीपर्यंत सगळ्याला तेच चालतील असे सांगितले जाते. पण पेस्ट लावताना हात सतत वर असतो, द्रावण बोटांवरून कोपराकडे ओघळते आणि बाही ओल्या काडीला घासत राहते. याला शिंतोडे म्हणता येणार नाही.

१७ सप्टेंबरला कुपवाड एमआयडीसीजवळच्या एका सेफ्टी साहित्याच्या पुरवठादाराकडे गेले. कारखान्यांना माल देणाऱ्या त्या गृहस्थांना द्राक्षवाले गिऱ्हाईक नवे होते, तरी त्यांनी वेळ दिला आणि तीन नमुने विकत घेऊ दिले: १४० रुपयांचा तीन थरांच्या न विणलेल्या कापडाचा, ज्याला ते एसएमएस म्हणतात, ३१० रुपयांचा, वर सूक्ष्म छिद्रांची फिल्म चिकटवलेला पण साध्या शिवणीचा, आणि ४२० रुपयांचा, तशाच फिल्मचा, पण शिवणीवर पट्टी चिकटवलेला, ज्याच्या लेबलवर टाइप ४, ५ आणि ६ असे तिन्ही आकडे होते.

घरी आल्यावर मी त्यांची एक साधी परीक्षा घेतली, आणि कोणालाही ती करता येईल. स्टीलच्या तीन वाट्यांच्या तळाशी पांढरा टिश्यू कागद ठेवला, वर प्रत्येक कापडाचा शिवण असलेला तुकडा रबराने ताणून बांधला आणि त्यावर खायचा लाल रंग घातलेले चमचाभर पाणी ओतले. नुसत्या पाण्याचे थेंब तिन्हींवर कमळाच्या पानावर राहावेत तसे गोल राहिले. मग त्याच पाण्यात फवारणीत वापरतो ते स्टिकर दोन थेंब घातले आणि अंगठ्याने पाच मिनिटे घासले. स्टिकरने पाणी पसरट होते आणि पानाला चिकटते, तसेच ते कापडालाही चिकटते. पहिल्या वाटीतला कागद मधोमध गुलाबी झाला. दुसरीत कापडाने दाद दिली नाही, पण शिवणीच्या प्रत्येक टाक्याखाली मोहरीएवढा लाल ठिपका उठला, सुईच्या भोकांची सरळ रांग कागदावर उतरली. तिसऱ्या वाटीतला कागद कोरा राहिला. माझ्या पतींनी तो ठिपक्यांचा कागद जपून ठेवला आहे आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येक बागायतदाराला ते तो दाखवतात.

तरीही ही परीक्षा अपुरी आहे, हे त्या पुरवठादारांनीच मला समजावून दिले आणि त्यासाठी मी त्यांची आभारी आहे. द्रव भोकातून किंवा शिवणीतून आत येणे ही एक गोष्ट, आणि रसायनाचे कण कापडाला कुठेही भोक नसताना त्यातून हळूहळू पाझरत जाणे ही दुसरी. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. टाइपचा आकडा द्रव अंगावर कसा येतो ते सांगतो. कोणता द्रव आहे, ते सांगत नाही. त्यासाठी उत्पादकाकडे रसायनवार तक्ता असतो आणि त्यात रसायन पलीकडे पोहोचायला किती मिनिटे लागली त्यावरून वर्ग दिलेला असतो: वर्ग १ म्हणजे १० मिनिटांपेक्षा जास्त आणि वर्ग ६ म्हणजे ४८० मिनिटांपेक्षा जास्त. तो तक्ता मागायचा, आणि मिळाला नाही तर मूळ तीव्र औषधाजवळ ते कापड न्यायचे नाही. हा धडा घेऊन आम्ही कामाचे दोन भाग केले. बाटलीतले मूळ औषध मोजून पाण्यात मिसळणारा माणूस एकच, माझे दीर. त्यांच्यासाठी जाड लेप दिलेल्या कापडाचे, टाइप ३ चे, १,८५० रुपयांचे कव्हरॉल. पाण्यात मिसळलेली पेस्ट लावणाऱ्या आठ जणांसाठी ४२० रुपयांचे, पट्टीच्या शिवणीचे. सगळ्यांनाच लेपवाले का दिले नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. त्या कापडातून द्रव आत येत नाही, तसा घामही बाहेर जात नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यात दहा-पंधरा मिनिटे मिसळण्याचे काम होते, चार तास हात वर करून उभे राहणे होत नाही.

किती घ्यायचे, हे ठरवताना छाटणीचे वेळापत्रकच बदलावे लागले. हे कव्हरॉल एकदाच घालायचे असते. लेबलवर फुली मारलेला २ चा आकडा असतो, त्याचा अर्थ पुन्हा वापरू नये. जेवणासाठी काढले की ते संपले. म्हणून दोन पूर्ण दिवसांचे काम आम्ही सकाळी ७ ते ११ अशा तीन पाळ्यांत विभागले आणि पेस्ट वेळेत लागावी म्हणून छाटणीही तीन तुकड्यांत, १५, १६ आणि १७ ऑक्टोबरला ठेवली. आठ जण, तीन सकाळी, म्हणजे २४. फाटण्यासाठी आणि सरावासाठी सहा जास्त. एकूण ३० आणि लेपवाली ३.

ऑर्डर २४ सप्टेंबरला दिली. दुकानात एल आणि त्यापुढचीच मापे तयार होती, कारण गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यातले पुरुष. आमच्या आठांपैकी सहा बायका, त्यातल्या चौघींची उंची पाच फुटांच्या आसपास. एस आणि एम माप बाहेरून मागवावे लागले. ३ ऑक्टोबरला खोकी आली, मी घाईत सही करून घेतली आणि घरी उघडल्यावर लक्षात आले की शिवणी साध्याच आहेत. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच पांढरे दिसतात. कव्हरॉल उलटे करून पाहिले तरच शिवणीवरून जाणारी दोन बोटांएवढी चकचकीत पट्टी आहे की नाही ते कळते. माल परत गेला, बदली माल ९ तारखेला आला, म्हणजे छाटणीला सहा दिवस उरले असताना. बिलावर टाइप आणि शिवणीचा प्रकार लिहून घेतलेला होता म्हणूनच परतीला वाद झाला नाही, तेव्हा बिलात नुसते ‘कव्हरॉल ३० नग’ असे लिहू देऊ नये.

सगळा खर्च असा झाला: कव्हरॉल १२,६००, लेपवाली ५,५५०, नायट्राइल या कृत्रिम रबराचे लांब हातमोजे १२ जोड १,६८०, गॉगल १,४४० आणि गमबूट ३,४२०. बेरीज २४,६९० रुपये. गमबूट आणि गॉगल पुढेही वापरता येतात, ते वगळले तरी एकरी आठ हजारांच्या जवळपास जातात. लहान बागायतदाराला हा खर्च जड आहे, मलाही जड गेला. पण तो औषधाच्या खर्चातच धरला पाहिजे असे माझे ठाम मत आहे, कारण औषध घेताना आपण घासाघीस करत थांबत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, टोळीला चहाला बोलावून सराव केला. खरी अडचण तिथे कळली, आणि ती कोणत्याही तक्त्यात नव्हती. आमच्याकडे बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शेतात येतात. साडीवर कव्हरॉल चढत नाही. चढवलेच तर मांड्यांशी ताणते आणि वाकताच फाटते. सलवार घालून यायचे म्हणताच वयाने मोठ्या दोघी गप्प झाल्या. शेवटी मनगट भाजलेल्या मावशीच म्हणाल्या, “वैनी, तुमच्या घरात साडी बदलायला आडोसा द्या, मी घालते सलवार. वरनं ह्या पिशवीत कुनाला काय दिसतंय?” मग मळ्यातल्या घराची मागची खोली आणि न्हाणीघर तीन दिवस पूर्णपणे बायकांना दिले. कव्हरॉल घातल्यावर चार तास लघवीला जाता येत नाही, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि उकाड्यात ते अतिशय धोक्याचे आहे. त्यामुळे ज्या बाईला मध्येच जायचे असेल तिने निःसंकोच जावे, तिला नवे कव्हरॉल मिळेल, हे मी सगळ्यांसमोर सांगितले. पुरुषांना वेगळे सांगायचे होते: कामाच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर दारूचा थेंब नको. गेल्या वर्षीचा तो मुलगा समोरच बसलेला होता, त्यामुळे फार समजावावे लागले नाही.

माप पाहताना प्रत्येकाला खाली बसून उठायला, दोन्ही हात डोक्यावर न्यायला आणि छातीशी घडी घालायला लावले. घट्ट कव्हरॉल बसताना फाटते, ढगळ कव्हरॉल तारेत आणि छाटलेल्या काडीच्या टोकात अडकते. एस मापही बुटक्या बायकांना लांब होत होते, तेव्हा कमरेवर थोडे वर ओढून बाहेरून नाडी बांधली आणि पायाशी दोन घड्या घालून चिकटपट्टी लावली. कव्हरॉलचा पाय गमबुटाच्या बाहेर ठेवायचा, आत नाही, नाहीतर ओघळ सरळ बुटात जातो. हातमोज्यांचे मात्र उलट आहे. फवारणी खाली करायची असेल तर बाही हातमोज्याच्या वर हवी, पण मांडवाला हात वर करून पेस्ट लावताना हातमोजा बाहीच्या वर घ्यायचा आणि त्याचा काठ बाहेरच्या बाजूला दुमडायचा, म्हणजे ओघळ त्या घडीत साठतो आणि कोपराकडे जात नाही. मावशींचे मनगट गेल्या वर्षी नेमके याच जागी भाजले होते. चिकटपट्टी लावताना शेवटचे टोक दुमडून ठेवावे, काढताना ते ओल्या हातमोज्यानेही सापडते.

१६ ऑक्टोबरची पहिली सकाळ अवघड गेली. आभाळ असले तरी हवा दमट होती, गॉगलवर वाफ धरत होती आणि सव्वानऊच्या सुमारास त्या मुलाला चक्कर आली. सावलीत नेऊन त्याचे कव्हरॉल काढले, मीठ-साखरेचे पाणी दिले, तो तासाभरात बरा झाला, पण त्या दिवशी त्याला पुन्हा काम दिले नाही. आधी मी दीड तासाने विश्रांती ठरवली होती, ती लगेच बदलून पाऊण तास काम आणि पंधरा मिनिटे सावली अशी केली. विश्रांतीत हातमोजे साबणाच्या पाण्यात धुवायचे, मग काढायचे, आणि पाणी स्वच्छ हाताच्या माणसाने पाजायचे. दुसऱ्या दिवशी एकीच्या कव्हरॉलची काख तारेच्या तुटक्या टोकाने वीतभर फाटली. तिने ते लपवले नाही, लगेच हाक मारली. फाटलेल्या जागी चिकटपट्टी मारून काम पुढे नेण्याचा मोह होतो, पण आत औषध गेले असेल तर ती पट्टी ते कातडीलाच धरून ठेवते, म्हणून तिला आधी आंघोळ आणि मग नवे कव्हरॉल दिले.

काढण्याची पद्धत मी भिंतीवर लिहून लावली होती आणि पहिल्या दिवशी ती मीच मोडली. शेवटच्या मावशींना मदत करताना मी स्वतःचे हातमोजे आधी काढले आणि उघड्या हाताने त्यांची चेन धरली. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगठ्याजवळ रुपयाएवढा लाल चट्टा उठला, त्याची चार दिवस आग होत होती. क्रम असा आहे: हातमोजे हातात असतानाच धुवायचे, पट्ट्या आणि चेन उघडायची, हूड मागे टाकायचे, कव्हरॉल खांद्यांवरून आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळत खाली न्यायचे, स्टुलावर बसून बुटांसह पाय मोकळे करायचे आणि हातमोजे सर्वात शेवटी, तेही उलटे करत काढायचे. त्यानंतर साबणाने आंघोळ, मगच चहा. घालायला पाच मिनिटे लागतात, नीट काढायला दहा लागतात, आणि दमलेल्या माणसाला ती दहा मिनिटे फार वाटतात. म्हणून स्टूल, बादल्या आणि मदतीला एक जण आधीपासून जागेवर हवा.

१८ तारखेला पेस्ट पूर्ण झाली. कोणाचे मनगट भाजले नाही.

वापरलेली २८ कव्हरॉल उरली, आणि हा भाग अजून सुटलेला नाही. ती जाळता येत नाहीत, कारण प्लास्टिकच्या धुरात औषधही येते. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायची नाहीत, हे तर उघडच आहे. पुरवठादार परत घेत नाहीत आणि गावातली घंटागाडी घेत नाही. भाऊबीज झाल्यावर ४ नोव्हेंबरला मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेले. तिथे सांगण्यात आले की घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडे कारखान्यांची नोंदणी असते, एकट्या शेतकऱ्याची कशी करायची ते विचारून सांगू, आणि सध्या कर्मचारी विधानसभा निवडणुकीच्या कामावर आहेत. लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. २८ नोव्हेंबरला पुन्हा गेले, तेव्हा अर्ज दुसऱ्या टेबलावर गेलेला होता. त्या टेबलावरच्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि गावातल्या दहा-वीस बागायतदारांनी एकत्र अर्ज केला तर विषय वर पाठवता येईल असे सुचवले. आम्ही चौदा जणांच्या सह्या घेऊन १६ डिसेंबरला तो दिला आहे.

तोपर्यंत कव्हरॉल जाड पिशव्यांत बांधून झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये, कुलूपबंद खोलीत ठेवली आहेत आणि ड्रमवर औषधाचे नाव आणि तारीख लिहिली आहे. चार कोरी कव्हरॉल उन्हापासून दूर, खोक्यात आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीला आम्ही पेस्ट लावत नाही, त्यामुळे पुढची खरेदी ऑगस्टमध्ये करायची आहे आणि त्यासाठी मापांची वही तयार आहे. तिच्या पहिल्या ओळीत मावशींच्या नावापुढे लिहिले आहे: एस, पायाला दोन घड्या, हातमोजा सात नंबर.